सातवा ठिपका

रात्रपाळीला माझ्यासमोर पडदा असतो,
त्यावर केमियार्वीचे सगळे रस्ते
आणि बर्फ सारणाऱ्या सात गाड्यांचे सात ठिपके.
सहा पुढे सरकतात.
सातवा, ओइवाचा,
तलावाजवळच्या वळणावर थांबतो.
मागे फिरतो.
पुढे. पुन्हा मागे.

पहिल्या हिवाळ्यात मला वाटलं, पितो की काय.
दुसऱ्या हिवाळ्यात डिझेलचा हिशेब जुळेना,
तेव्हा विचारलं.
तो हातमोजा काढून पुन्हा घालत राहिला.
"फाळाखाली ठक्क झालं.
बर्फाचा खडा असेल, रेनडियरचं गळलेलं शिंग असेल.
पण माणूस असेल तर?"
पाहिलंस ना उतरून?
"पाहिलं. बॅटरी लावून, चारदा.
पण मी उतरेपर्यंत
बर्फानं झाकलं असेल तर?"

आणि बर्फ तर पडतच होता.

कँटीनमधली हेल्वी म्हणते, अगं, मलाही आहे तो आजार,
टॉवेलच्या घड्या सरळ लागतात मला.
ओइवाच्या मोरीत तीन दिवसांची भांडी पडलेली असतात.
आयुष्यात कोंबडी मारली नाही त्यानं,
आणि रोज पहाटे पोलिसांना फोन,
कुणी सापडलं का?
"कुणी नाही, ओइवा. झोप."
ते 'नाही' त्याला
कॉफी निवेपर्यंत पुरतं.

मन चिंती ते वैरी न चिंती, खरंच आहे,
पण वैऱ्याला निदान दार लावून घेता येतं.

मीही द्यायचे तेच. वायरलेसवर तो विचारायचा,
"रस्ता मोकळा आहे ना?"
मी म्हणायचे, आहे रे बाबा, आहे.
वाटायचं, पुण्य करतेय.
रोव्हानिएमीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा कळलं,
आगीला पाणी म्हणून
मी रॉकेल ओतत होते.

त्याला सांगितलंय, मागे फिरायचं नाही.
'काही झालं नाही' असंही म्हणायचं नाही.
म्हणायचं, 'झालंही असेल',
आणि पुढचा गियर टाकायचा.
मला सांगितलंय, उत्तर द्यायचं नाही.
कुणाचं काम जास्त अवघड, देव जाणे.

काल दोन वाजून दहा मिनिटांनी वायरलेस खरखरला.
"काही झालं का गं?"
ओठावर आलेलं 'नाही' मी गिळलं.
म्हणाले, "मला माहीत नाही."
त्याचा श्वास ऐकू येत होता,
वायपरचा आवाज.
ठिपका वळणावर अकरा मिनिटं उभा.
मी टेबलाची कड धरून.
मग तो सरकला.
पुढे.

आज परत दोनदा मागे फिरला.
वहीत लिहायचं असतं, मी लिहिलं नाही.

सकाळी घरी जाताना
माझ्या गाडीखाली काहीतरी ठक्क झालं.
मी आरशात पाहिलं.
एकदाच.
आणि रेडिओ लावला.