देठाजवळ

मी तासगाव भागात बागाबागांतून
द्राक्षाचे नमुने गोळा करतो.
वरचे घड, खालचे घड, उन्हातले, सावलीतले.
पिशवीवर नंबर घालतो, नाव नाही.
फवारणीला किती दिवस झाले, आधी विचारतो
आणि दिवस भरले नसतील तर
नुसता चहा पिऊन परत येतो.
लवकर तोडलेला नमुना कामाचा नसतो, हे मीच
सावळजच्या लोकांना बांधावर उभा राहून सांगतो.

तरी सहाव्या दिवशी
सांगलीच्या सिव्हिलमध्ये बाकड्यावर
मीच बसलो होतो, दिवस न भरता.

निरोध वापरला होता.
फाटला नव्हता, घसरला नव्हता.
सुकुमार मगदूमला दोनदा सांगितलं.
तो म्हणाला, मग रडतोस कशाला लेका,
काय होत नसतंय.
रात्री मोबाइलच्या बॅटरीत
मी आपली जीभ, काख, जांघा बघत बसायचो.
घामोळं दिसलं तरी पोटात गोळा.

मुजावर मॅडमनी पंखा चालू केला,
नाव विचारलं नाही, कामधंदा विचारला.
द्राक्ष म्हटल्यावर हसल्या.
"घडांना कागद लावता न्हवं थंडीत?"
लावतो.
"आतल्या मण्यांना ऊन लागत नाही. आणि देठाला?"
देठ बाहेरच असतो.

"तसंच हे.
एचआयव्ही, परमा, असलं जे अंगातल्या पाण्यातनं येतं
ते नीट वापरलेला निरोध बहुतेक सगळं अडवतो.
कातडीला कातडी लागून येतं ते,
गरमीचा न दुखणारा फोड, हर्पिस, चामखिळी,
ते झाकलेल्या जागेपुरतंच अडतं.
म्हणजे धोका कमी. शून्य नाही.
पण कमी तो कमीच,
रात्री जागून त्याला मोठा करू नका."

मग तारखा लिहून दिल्या.
सहा आठवड्यांनी एकदा, तीन महिन्यांनी परत.
मधे फोड आला, लघवीला जळजळलं
तर तारखेची वाट न बघता यायचं.
बागेत लवकरचा नमुना घाबरवतो.
इथं लवकरचा नमुना खोटा धीर देतो.

मी उठलो.
"बसा. रक्त आजही द्या."
आज कशाला?
"आजचं रक्त त्या रात्रीचं सांगणार नाही.
तिच्या आधीचं सांगेल."

आधीचं.

वाशीचं मार्केट, दोन सीझनमागं.
गाडी खाली व्हायला उशीर, ड्रायव्हरांबरोबर दारू,
मग एक खोली,
जिथं कागदबिगद काही नव्हतं.
तेव्हा बॅटरी लावून मी काही बघितलं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी भाव काय फुटला तेवढं लक्षात राहिलं.

आणि सहा दिवस मी संशय घेत होतो
विश्रामबागेतल्या तिच्यावर,
जिनं स्वतःच्या पर्समधनं पाकीट काढून
न बोलता उशीशेजारी ठेवलं होतं.

सुई टोचली.
नळीवर नंबर. नाव नाही.

आयर्विन पुलाच्या अलीकडं गाडी लावून
तिला फोन केला. सगळं सांगितलं, वाशीसकट.
खाली कृष्णेत कुणीतरी म्हशी धूत होता.
ती बराच वेळ गप्प.
मग, "रिपोर्ट कधी?"
गुरुवारी.
"मला कधी सांगणार होतास?"
आजच, म्हणालो.
खोटं होतं ते, आणि तिला कळलं.
"माझी तपासणी दिवाळीआधी झाली," ती म्हणाली,
"तू विचारलं नाहीस."
आणि मग, "गुरुवारी किती वाजता?"
मी अकरा म्हणालो. तिनं हो म्हटलं नाही,
नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मणेराजुरीत
एका बाईनं कागद सोडवून घड पुढं केला.
मणी साखरेनं तटतटलेले, एकही डाग नाही.
बघा की, म्हणाली, आहे का काही?
मी घड उलटा धरला
आणि पहिल्यांदा देठाजवळ बघितलं.