तीनपासून

आमच्या बेटावर सूर तीनपासून सुरू होतात.
मोसेसे मास्तर फळ्यावर आकडे मांडतात,
तीन, चार, पाच, नऊपर्यंत चढून पुन्हा तीन,
आणि काठीने एकेकाला टोचत जातात.
एक आणि दोन कुठे गेले, मी लहानपणी विचारलं होतं.
"एक देवाचा," ते म्हणाले. "दोन श्वास घ्यायला.
उरलेले आपले, तेही उसने."
पुढे कळलं, प्रत्येक पोराला ते वेगळंच काहीतरी सांगतात.

गुरुवारी रात्री सराव.
चर्चमागची पत्र्याची खोली, ट्यूबलाइटला पाखरं,
फळ्याच्या कोपऱ्यात गेल्या नाताळचे आकडे
अजून पुसायचे राहिलेले.
यंदा चौथा बाक रिकामा आहे.
खर्जातले पुरुष न्यूझीलंडला गेले, सफरचंदं तोडायला,
सात महिन्यांसाठी. माझे वडीलही.
मागे उरले तुपोऊआजोबा, ज्यांना लगेच झोप लागते,
आणि पाळकसाहेब, ज्यांना सूर लागत नाही.

बायकांकडे मात्र आवाजांची कमी नाही.
लोसालिने आणि फुसी सख्ख्या बहिणी.
एकीच्या डुकराने दुसरीची रताळी उकरली
तेव्हापासून दोघींत अबोला.
तरी बसतात खांद्याला खांदा लावून,
कारण लांबलचक ओळीत एकीचा दम संपला
की दुसरी ओळ धरून ठेवते,
मग तिचा संपतो तेव्हा पहिली.
एकमेकींकडे न बघता.
सराव सुटला की दोघी दोन वाटांनी घरी.

आतु माझा धाकटा भाऊ.
ईस्टरपर्यंत तो बायकांच्या बाकावर गायचा,
मग एका रविवारी, आमेनच्या मध्यावर, त्याचा आवाज फुटला.
पोरं हसली. आईसुद्धा, पंख्याआड.
त्यानंतर चार आठवडे तो नुसते ओठ हलवत होता.
मास्तरांनी पाहिलं, बोलले नाहीत.
परवा मात्र काठी त्याच्या खांद्यावर टेकवली.
"चौथा बाक. बापाच्या जागेवर."
"नाही जमणार. सगळे आकडे घसरतात."
"सगळे मागतंय कोण? तुझा फक्त तीन.
आम्ही जरा भटकून येतो.
तू घरी थांब. दार लावू नकोस."

रविवारी पोकळ लाकडाची लाली दोनदा घुमली.
आतुने वडिलांची चटई कमरेला गुंडाळली,
एक वेढा जास्तच बसला.
आमच्याकडे ऑर्गन नाही, पेटी नाही.
मास्तरांनी हनुवटी उचलली आणि सुरू.
पहिल्या कडव्यात तो मला ऐकूच आला नाही.
दुसऱ्यातही नाही.
तिसऱ्यात माझ्या तळव्यांखालची फळी बारीक थरथरली.
तुपोऊआजोबा जागे झाले,
इकडेतिकडे पाहिलं,
आणि कुणीतरी बोलावल्यासारखे त्या सुरात शिरले.

संध्याकाळी वडिलांचा फोन आला.
तिकडे गारठा, हातमोजे फाटलेत,
डुकराचं भांडण मिटलं का,
आणि आज खर्जाला कोण होतं?
आईने फोन आतुच्या कानाला लावला.
तो रताळं सोलत होता. बोलला काहीच नाही.
सुरी खाली ठेवली, आणि तीन धरला.

पलीकडे पत्र्याच्या खोपीत
सोळा-सतरा माणसांची भांडी वाजत होती,
ती एकेक करत थांबली.
मग कुणीतरी घसा खाकरला.