ऐंशी टक्के

बावड्यातल्या केतकी नेजदारकडून घेतला लॅपटॉप.
चौदा हजार ठरले, साडेतेरा दिले.
पाचशे राखले मुद्दाम:
आठवडाभर बॅटरी बघतो, मग देतो.
ती म्हणाली, काका, जपून वापरलाय.
विकणारा प्रत्येक जण हेच म्हणतो,
म्हैस विकणारासुद्धा.

आणि झालं तसंच.
रात्री लावला, सकाळी ऐंशी.
दुपारी ऐंशी.
मिक्सरच्या बोर्डाला लावला, टीव्हीच्या बोर्डाला लावला,
बहिणीच्या घरचा चार्जर आणला,
शिरोलीला कामावर नेला, तिथं थ्री फेज आहे म्हणून,
(हसू नका, मलाही नंतर कळलं)
ऐंशी.
पिनेला खोबरेल लावून पुसलं.
बायको म्हणाली, आता कुंकू पण लावा.
एकानं सांगितलं, पार शून्यावर उतरवा, मग चढवा.
उतरवला. अर्धा दिवस मेल्यागत पडला होता.
उठला, एकोणऐंशीपर्यंत धावत आला,
ऐंशीवर येऊन बसला,
रुसलेल्या जावयासारखा.

मग फोन केला पोरीला.
आवाज चढला माझा, भट्टीजवळ बोलायची सवय,
आम्ही साधं जेवलास का विचारलं
तरी भांडण वाटतं.
पण त्या दिवशी ते भांडणच होतं.
ती म्हणत होती, थांबा काका, मला वाटतं ते...
मी थांबलो नाही.
फसवणूक हा शब्द वापरला.
फोन ठेवला.

लक्ष्मीपुरीत, धान्य लाईनीत, पोत्यांच्या वरचा जिना.
रुबिना शिकलगार, दातात स्क्रूड्रायव्हर,
समोर उघडी पडलेली तीन मशिनं.
माझं मशीन घेतलं, आडवं केलं, कान लावला,
स्क्रू एकही सैल केला नाही.
चार ठिकाणी बोटं मारली, हसली.
बॅटरी ठणठणीत हाय काका.
कुणीतरी सेटिंगला दावं बांधलंय,
ऐंशीच्या वर चढू द्यायचं न्हाई.
सारखी शंभरवर ठेवली की फुगती, लवकर जाती.
बगा, चार वर्षांत एकशे बारा वेळाच भरलीया.
एवढी जपलेली माझ्याकडं येतच नाही.

खाली कुणीतरी हायब्रीड ज्वारीचा दर ओरडत होतं.

तीस वर्षं झाली,
नव्या पोराला पहिल्या दिवशी मीच सांगतो:
लॅडल काठोकाठ भरायची नाही.
वर चार बोटं मोकळी.
चालताना हिंदकळतं, आणि ते पाणी नसतं.
म्हादू डवरीचा पाय डोळ्यापुढं ठेवून सांगतो.
पोरं म्हणतात, खेपा वाढतात की हो.
वाढू देत म्हणतो.

आणि तीन आठवडे मी
त्या चार बोटांवरून एका पोरीला चोर म्हणत होतो.

काढू का दावं? रुबिनानं विचारलं. शंभर होईल लगेच.
मी विचारलं, हे आपोआप होतं का?
मशीन कशाला करंल, ती म्हणाली,
ज्याला काळजी त्यानं केलं असणार.
किती झाले?
काय उघडलंच न्हाई तर घेऊ कशाचं,
चहा सांगा दोन.

चहा येईपर्यंत खिशातला फोन काढला,
पाचशे पाठवायला.
चार टक्के.
केबल लॅपटॉपला खोचली,
ऐंशीचे एकोणऐंशी झाले, मग अठ्ठ्याहत्तर,
तेवढ्यात पैसे गेले.
खाली दोन शब्द लिहायची जागा असते.
बराच वेळ बोट वरच राहिलं.
शेवटी लिहिलं, बॅटरी.

लगेच आलं तिचं:
काका सॉरी, ते सेटिंग सांगायचं राहिलंच.

सॉरी तिनं म्हटलं.
मी बाकाखाली पाय मागं घेतले
आणि बघितलं,
काही सांडलं होतं का तिथं.