कान, एक नग

झोराइदेच्या हातात पिवळी छत्री, मिटलेली.
"छत्रीमागं राहा. चाळीस मिनिटांत सगळं होतं,"
म्हणत तिनं प्रत्येकाला एकेक यंत्र दिलं,
कानात घालायचं.
माझं अर्धंच बोलत होतं.

आपारेसिदा. सकाळचे सव्वानऊ.
गोयासहून रात्रभर आलेल्या बसगाड्या,
खिडक्यांवर वाळत घातलेले टॉवेल,
ऊस पिळणाऱ्या चरकाची कुरकुर.
आणि उंच पुलावरून गुडघ्यांवर येणारा एक माणूस.
त्याची बायको पुढं पुठ्ठा अंथरते,
मागचा उचलते, पुन्हा पुढं अंथरते.
"पाठ मोडते ती पुठ्ठेवाल्याची,"
झोराइदे म्हणाली. हे मात्र स्वच्छ ऐकू आलं.

मग नदीची गोष्ट.
तीन कोळी, जाळं रिकामं, पुन्हा रिकामं.
मग जाळ्यात धड आलं, मातीचं, डोकं नसलेलं.
थोडं खाली पुन्हा जाळं टाकलं, तर
इथं यंत्र गेलं.
शेजारच्या बाईनं आपल्याच मानेवर हात ठेवून
मला उरलेलं सांगितलं.
त्यानंतर मासे इतके, की होडी

बुडायला आली असणार. ते माझं मीच भरलं.

मूर्ती हातभरही नाही. काळी, काचेमागं.
"एकदा फुटली होती. दोनशेच्या घरात तुकडे.
जोडलेलं कुठं दिसतं, तर"
खर्र.
मी पाहून घेतलं. रांग सरकत होती.
निळ्या झग्याखाली काय कळणार.

माझ्या खिशात पुडी होती.
आई मे महिन्यात गेली. ओतासिलिया, शिवणकाम करायची.
यंत्राच्या खणात, बॉबिनांच्या मागं,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला मेणाचा कान. डावा.
वर पेन्सिलीनं: मातेला द्यायचा. राहिला.
आमच्या घरात बहिरं कुणी नाही.
मावशीला विचारलं, थोरलीला विचारलं,
सगळ्यांनी आपापले कान चाचपले.

तळघरात नवसांची खोली.
"इथं मी बोलत नाही," झोराइदे म्हणाली. "आठ मिनिटं."
छतभर फोटो. मेणाचे पाय, मेणाची काळजं,
चिरलेलं हेल्मेट, कापलेल्या वेण्या,
कुणाची तरी गणिताची वही, शेवटच्या पानावर पास.

काउंटरवर जुसारा नावाची मुलगी, नखं अर्धी रंगवलेली.
"काय आहे?"
"कान."
"किती?"
"एक."
"कृपा कोणती झाली?"

सांतोसच्या बंदरावर अकरा वर्षं आहे मी.
दर रविवारी तिचा फोन.
फोन टेबलावर ठेवून मी संत्री सोलायचो,
ती श्वास घ्यायला थांबली की म्हणायचो, हो आई.
एकदा ती मध्येच थांबली. बराच वेळ.
तिथंही मी हो म्हणालो.

पण नवस फेडायला काढला,
म्हणजे तो पावला असं तिनं धरलं होतं.
कधी? कुठल्या रविवारी?
की कान तिचा स्वतःचाच होता,
डॉक्टरकडे गेली, बरी झाली, आणि मला सांगितलंही होतं?

"माहीत नाही," म्हणालो.
"चालतं. पुष्कळांना नसतं."
तिनं लिहिलं: कान, एक नग.
कारणापुढं एक आडवी रेघ.
मागच्या माणसाकडे काखेत अख्खी गिटार होती,
तो खाकरला. मी बाजूला झालो.

वर उन्हात छत्री दुसऱ्याच घोळक्यावर उघडलेली.
मी ऊसाचा रस घेतला, सुटे नव्हते, वाद झाला.

बसमध्ये खिसा चाचपला, तर
यंत्र परत करायचं राहिलेलं.
डाव्या कानात घातलं.
नुसती खरखर.
ताउबातेपर्यंत ती तशीच चालू होती.
मध्ये एकदा थांबली.
मी काही बोललो नाही.