ब्रेक जोरात दाबल्याचं कारण

फॉर्मवर कारणासाठी एकच ओळ आहे,
म्हणून साहेब, मागच्या कोऱ्या बाजूला लिहितोय, मराठीत.
निझव्याच्या ऑफिसात हे कुणाला वाचता येणार नाही,
ते एका अर्थी बरंच.

टँकर नंबर सदतीस. डिझेल, काठोकाठ.
घाबा सोडून हैमाच्या दिशेने, पहाटे चार वाजून अकरा मिनिटं.
काचेखालच्या डबीने टिटिट केलं
आणि तुमच्या पडद्यावर लाल ठिपका उमटला:
इकलाख पेवेकर, कडक ब्रेक, पाच रियाल वजा.

ठिपका खरा आहे.
ठिपक्याच्या पुढ्यात काय होतं ते डबीला दिसत नाही.

हरीण होतं.
मादी. आमच्या मंडणगडच्या शेळीएवढीसुद्धा नाही.
धुक्याने पाठ भिजलेली, कान माझ्याकडे,
पाय डांबरात रुतल्यासारखे.

वाळवंटात कसलं धुकं, म्हणाल.
येतं साहेब, समुद्रावरनं, रात्री, चोरासारखं.
डांबरावर त्याचं पाणी होतं, पाणी कडेला ओघळतं
आणि तिथे वीतभर हिरवं उगवतं.
बाकी नजर पोचेल तिथवर खडी.
हे मला चहाच्या टपरीवर मुसल्लम हरसूसीने सांगितलं.
म्हणाला, रस्ता तुम्ही तेलासाठी केलात,
हरणांना वाटतं त्यांच्या चाऱ्यासाठी केलाय.
त्यात आपली माणसं खिडकीतून उरलेला खुबूस फेकतात.
मीही फेकायचो.
आता डब्यात ठेवतो, हैमाला कोंबड्यांना घालतो.

सांगोल्याचा नवा पोरगा आलाय, बिरुदेव.
धनगराचं पोर, जनावर ओळखतं,
पण जनावर आणि चाळीस टन
त्याने अजून एका रस्त्यावर पाहिलेले नाहीत.
परवा त्याला शेजारच्या सीटवर बसवून म्हटलं,
बाबा, स्टेअरिंग वळवायचं नाही.
सरळ राहायचं, सरळच थांबायचं, नाही थांबलं तर
डोळे उघडे ठेवून ते सोसायचं.
सेल्वराज वळला होता.
हरीण वाचलं.
सेल्वराजची एक चप्पल मी उचलली, दुसरी सापडली नाही.

म्हटलं, अप्पर मारशील तर ते आंधळं होऊन तिथेच उभं राहील.
डिप्पर दे. हॉर्न एकच, लांब.
तीन ते सहा काटा सत्तरच्या वर नेऊ नको,
मागचा ट्रेलर शिव्या देईल, देऊ दे.
उंटाची गोष्ट वेगळी, त्याचं तोंड आपल्या उजेडाच्या वर राहतं,
अंधारात चार काठ्या चालताना दिसल्या
तर काठ्या समजू नको.
आणि एक पार झालं म्हणून पाय उचलायचा नाही.
तो विचारतो, का?
त्याला म्हटलं, तुझ्या कळपात कधी एकटी मेंढी पाहिलीस?
हसला. कळलं असावं.

साहेब, माझ्या डायरीत तीन वर्षांचे किलोमीटर आहेत,
कुठल्या दगडापाशी हिरवं जास्त, कुठे पाऊलवाट डांबराला छेदते,
कुठे मी काय पाहिलं आणि काय चुकवलं,
दोनदा चुकवता आलं नाही, तेही आहे.
पाच रियाल कापा.
पण ते पान कॅन्टीनच्या भिंतीवर लावा,
चहाच्या पिंपाजवळ, जिथे माणूस थोडा वेळ तरी उभा असतो.

आता डबीतली दुसरी नोंद,
'विनाकारण थांबा, नऊ सेकंद.'
मादी पार गेली होती. रस्ता मोकळा.
इंजिन घुरघुरत होतं, आरशात कुणी नव्हतं,
बिरुदेवने माझ्याकडे पाहिलं, मी ब्रेककडे.
सात. आठ.
धुक्यातून पिल्लू आलं,
मधल्या पांढऱ्या पट्ट्याला नाक लावून थांबलं, हुंगलं,
मग आईच्या मागे गेलं.

पुढच्या बाजूला, त्या ओळीत,
मी फक्त 'प्राणी' लिहिलंय.
शेजारी संख्येची चौकट आहे.
त्यात दोन.