उचंत खाते

तीन गुणांनी.
एकशे सत्तेचाळीस. हवे होते दीडशे.
फोंड्याच्या ऑफिसात स्क्रीनवरचा आकडा मी पुन्हा वाचला,
दुसऱ्यांदा वाचल्यावर बेरीज बदलते की काय म्हणून.
तेवढ्यात सरांनी विचारलं, "त्या बार्जवाल्याचं रिटर्न झालं?"
"होतंय," म्हटलं.

त्या बार्जचं मला फार कळतं.
किती वर्षं खाडीत उभी. खनिज नाही, खलाशी नाही,
तरी दर मार्चला तिच्यावर घसारा लावायचा.
हलली नाही म्हणून झीज थांबत नाही,
हे मी पहिल्या प्रयत्नाआधीच शिकले होते,
फक्त कलम म्हणून.

आताचा चौथा.
घरी कुणी हा आकडा उच्चारत नाही.
आई म्हणते "तुझं ते",
आणि ताटात एक कोळंबी जास्त वाढते.
सावईवेऱ्याच्या बसस्टॉपवर शशिकला विचारते, "अजून चालूच?"
मी मनात ऑडिटमधलं घोकते: गोइंग कन्सर्न, म्हणजे
नजीकच्या काळात व्यवहार बंद करण्याचा
इरादा नाही, आणि तशी गरजही नाही.
पुरावा म्हणून पहाटे चारचा दिवा जोडला आहे.

बाबा पौषात झोपत नाहीत.
जत्रेचं नाटक. देवळाच्या मंडपात तालीम.
एकवीस वर्षं ते विंगेत, एका हातात वही, दुसऱ्यात बॅटरी,
माचीवर एकदाही चढले नाहीत.
रात्री दीडला कुळागरातून परततात, पायांना ओली माती,
माझ्या टेबलाशी थांबून उपकंपन्यांचं गणित बघतात.
"पाठ झालं?"
"हे पाठ करायचं नसतं, बाबा."
"सगळे असंच म्हणतात. आणि तिसऱ्या अंकात माझ्याकडे बघतात."
मग जाता जाता, दिव्याकडे पाठ करून:
"अडलं तर लगेच विंगेत बघू नये.
आपलंच आधीचं वाक्य परत म्हणावं. पुढचं येतं.
नाही आलं, तर त्याच्या पुढचं म्हणावं.
लोकांना कुठे माहीत असतं काय गळलं ते."

मडगाव. दुपारी दोन.
बोरीच्या पुलावर बस थांबली तेव्हा पोटात जे ढवळलं
ते अजून तिथेच.
कॅल्क्युलेटरचा सात दोनदा दाबावा लागतो.
शेजारी काणकोणचा एक गृहस्थ, कानांजवळ पांढरा,
मला पेपरमिंट देतो. "आमची सहावी जत्रा," म्हणतो.

तिसऱ्या प्रश्नात ताळेबंद जुळत नाही.
चार हजारांचा फरक.
मागच्या खेपेला असाच एक फरक शोधत
मी चाळीस मिनिटं घालवली होती.
तो सापडला. चार गुण मिळाले असतील.
शेवटचा सोळा गुणांचा प्रश्न कोराच राहिला.
आणि घरी येऊन मी सांगितलं होतं, पेपर कठीण होता.

मी डावीकडे बघते. खिडकी.
उजवीकडे पर्यवेक्षक बाई घड्याळाला चावी देतात.
आधीची ओळ परत वाचते. पुन्हा वाचते.
काही येत नाही.
मग लिहिते: तफावत, उचंत खाते, चार हजार.
खाली एकच रेघ मारते.
हात थरथरतो, हिशेब लिहिणाऱ्याच्या पोरीसारखा नव्हे,
चोराच्या हातासारखा.
पान उलटते.

शेवटचा पेपर संपला त्या रात्री नाटक होतं.
मी विंगेत, बाबांच्या मागे, सुपारीच्या पोत्यावर बसलेली.
दुसऱ्या अंकातच राजा अडला.
एक क्षणही गेला नसेल,
बाबांनी शब्द टाकला.
राजा गरजला, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तुम्ही तर म्हणाला होता, थांबावं..."
"ते तुला," बाबा म्हणाले,
आणि बॅटरीचा उजेड
पुढच्या ओळीवर सरकवला.

निकाल मार्चमध्ये.