कुठलं बोर्डिंग?

या गावात आडनाव लगेच विचारत नाहीत.
आधी विचारतात, कुठल्या बोर्डिंगात?
दसरा चौकातून चालत सुटलं
की कमानीमागून कमानी लागतात,
आणि उत्तर ऐकलं की समोरच्याचा चेहरा
केएमटीच्या पाटीसारखा फिरतो:
ही बस कुठं जाणार, त्याला कळलेलं असतं.

आमच्या कमानीचा रंग उडालेला.
तरी सगळ्यांना वाचता यायची.

खोली नंबर अकरा. मी, शैला ढाले,
आणि एक रिकामी कॉट, तिच्यावर आमच्या बादल्या.
जुलैत फिलोमिना सिद्दी आली.
एक ट्रंक, एक पोतं, पोत्यात काहीतरी गोल.
कुरणेबाईंनी रजिस्टर उघडलं,
तिचे केस बघितले, तिचा रंग बघितला,
आणि 'गाव' या रकान्यात आपणच लिहिलं: आफ्रिका.
फिलोमिनानं पेन मागून घेतलं.
पट्टी लावल्यासारखी एक रेघ मारली.
वर लिहिलं, ता. हल्याळ.
"बेळगावपासनं उभीच आलोय बाई," म्हणाली,
"कॉट कुठली ते सांगा."

मी साय-हळद लावून वाढवलेली पोर.
आमच्या घरात 'काळी' हा शब्द
क्षयासारखा, दार लोटून बोलायचा.
ती आरशासमोर केसांत कंगवा खुपसायची,
तो तिथंच उभा राहायचा,
तसाच घेऊन दूध आणायला जायची.
गल्लीतली पोरं मागनं ओरडायची
कुठल्यातरी वेस्ट इंडिजवाल्याचं नाव.
ती वळायची. "टाक की मग बॉल."
एकदा एकानं खरंच टाकला.
पिशवी फुटली. दोन दिवस कोरा चहा प्यालो
आणि हसलो, तो चहा नाकातनं येईपर्यंत.

थंडीत ती चिंध्या मागत फिरली.
शैलानं नर्सिंगचा जुना युनिफॉर्म दिला,
मी शाळेची निळी ओढणी,
कुरणेबाईंनी विरलेलं इरकल,
"घे, पण कुणाचं ते सांगू नको."
शिवून झाल्यावर चारी कोपऱ्यांना
तिनं कापडाच्या तिकोनी घड्या बसवल्या.
ही फुलं, म्हणाली. फुलं नसली
तर गोधडी उघडी.
उघडी गोधडी कुणाला देऊ नये.

पोत्यातलं गोल म्हणजे दमाम.
सहा महिने कॉटखाली होता.
एकटीनं वाजवायचा नसतो, एवढंच सांगायची.
बोर्डिंगच्या वर्धापनदिनाला
भाषण झालं, चिवडा वाटून झाला,
तेव्हा तिनं तो हॉलमध्ये आणला,
आणि माझ्यापुढं धरला.

मी नको म्हणाले.

माझ्या बापानं खुंटीवरची हलगी काढली
ती मला शाळेत घातलं त्याच साली.
आमच्याकडं वाजवणं म्हणजे
दुसऱ्याच्या दारात, दुसऱ्याच्या लग्नात,
पंगत उठेपर्यंत लांब उभं राहणं.
मी हात पाठीमागं बांधले. तिला काही सांगितलं नाही.
तिनं विचारलंही नाही.
मागच्या रांगेतून कुरणेबाई आल्या,
वय चोपन्न, गुडघे दुखणारे.
पदर खोचला. खाली बसल्या.
"आण इकडं," म्हणाल्या.

त्या दोघींनी काय वाजवलं ते मला सांगता येत नाही.
मला आठवतंय, शैला रात्रपाळीला उशिरा गेली.
समोरच्या बंगल्याची खिडकी आधी धाडकन लागली,
मग थोड्या वेळानं फटभर उघडली.
माझे हात पाठीमागंच होते,
आणि एकमेकांवर पडत होते.

सुट्टीत घरी गेल्यावर बापाला विचारलं,
हलगी कुठाय?
"दिली."
कुणाला?
तो बैलाला पाणी पाजायला उठला.

बोर्डिंग सोडताना सही करायला रजिस्टर उघडलं.
तिचं पान मधेच लागलं.
ता. हल्याळ. त्याच्याखाली, नंतर कधीतरी,
वेगळ्या शाईत, तिच्याच अक्षरात:
आफ्रिका पण.

मग माझं पान काढलं.
गावाच्या रकान्यात नुसतं गाव.
आमची गल्ली लिहायची मी टाळली होती.
कुरणेबाई चष्मा पुसत होत्या.
मी पेन मागितलं.